ज्ञान पारखून घेणारे बाबासाहेब

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी हे चार शब्द लिहीत आहे.

बाबासाहेबांचे चरित्र आपल्या वस्तीत कुणाला ठाऊक नाही? महाडचे चवदार तळे, नाशिकचे काळाराम मंदिर, पुणे करार, राज्यघटना, नागपूरची दीक्षाभूमी. आपली पोरं हे सगळं पाळण्यापासून गाण्यातून ऐकत आलेली आहेत. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बॅरिस्टर ही पदव्यांची माळही लहान लहान मुले घडाघडा म्हणून दाखवतात. पण बाबासाहेब शिकले कसे, आणि आपण शिकलो ते पक्के आहे की कच्चे आहे, हे त्यांनी आयुष्यभर कसे तपासून घेतले, हा धडा जयंतीच्या भाषणात फारसा येत नाही. माझ्या मते त्यांच्या मोठेपणाचे मूळ तिथेच आहे. म्हणून या लेखात त्यांच्या जीवनाचा तेवढाच धागा धरला आहे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत भीमरावांचा जन्म झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्कराच्या शाळेत शिक्षक होते. साताऱ्याच्या शाळेत भिवाला वर्गात वेगळे, गोणपाटावर बसावे लागले, हे आपण जाणतोच. पण घरी रामजीबाबांची दुसरी शाळा भरत असे. ते पोराकडून तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे धडे करवून घेत. नेमका शब्द कोणता, तोच का, दुसरा का नाही, याची सवय पोराला तेव्हाच लागली. नुसतं पाठ म्हणून दाखवणं वेगळं आणि एका भाषेतला अर्थ दुसऱ्या भाषेत उतरवणं वेगळं. अर्थ कळला नसेल तर भाषांतर जमतच नाही. ही त्यांची पहिली परीक्षा, आणि ती घरात झाली.

पुढे मुंबईला परळच्या चाळीत एका खोलीत सगळे कुटुंब राहिले. अशा घरातून १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. ७५० पैकी २८२ गुण मिळाले. आजच्या हिशेबाने हे गुण कुणी पेढे वाटावे असे नाहीत. परंतु अस्पृश्य समाजातला मुलगा मॅट्रिक झाला म्हणून सभा भरली. सीताराम केशव बोले अध्यक्ष होते, आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले. ज्यांचे पोर कमी टक्क्यांमुळे तोंड लपवून बसले असेल त्यांनी हा आकडा नीट लक्षात ठेवावा. गुणपत्रिकेने भीमरावांची लायकी ओळखली नाही. आणि भीमरावांनीही गुणपत्रिकेला आपला शेवटचा परीक्षक मानले नाही.

शाळेत त्यांना संस्कृत घ्यायचे होते. ते मिळाले नाही, नाइलाजाने फारशी घ्यावी लागली. ही खंत त्यांना पुष्कळ वर्षे राहिली. पण इथे एक गोष्ट बघा. १९४६ साली त्यांनी शूद्र पूर्वी कोण होते यावर मोठा ग्रंथ लिहिला, तेव्हा प्रस्तावनेत स्वतःच कबूल केले की संस्कृतवर माझे प्रभुत्व आहे असा दावा मी करीत नाही. पण हे साहित्य इंग्रजी भाषांतरात मिळते आणि त्याचा अभ्यास मी पंधरा वर्षे केला आहे, तेव्हा या विषयावर बोलण्याएवढी योग्यता मला आली आहे, असा त्यांचा सांगण्याचा अर्थ होता. आपल्याला काय येते आणि काय येत नाही, याची सीमारेषा त्यांनी विरोधकाने दाखवायच्या आधी स्वतः आखून दिली. कच्चे ज्ञान असणारा माणूस ही रेषा झाकून ठेवतो.

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव अमेरिकेत न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे त्यांनी भुकेल्या माणसासारखे शिक्षण घेतले. एकट्या अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, शिवाय समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र. सेलिग्मन, ड्युई यांच्यासारखे नामांकित प्राध्यापक लाभले. १९१५ साली एम.ए. झाले.

९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चावर्गात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. वय पंचवीस. हा निबंध आपल्या तरुणांनी विचार करण्याच्या रीतीसाठी वाचला पाहिजे. आधी त्यांनी सेनार्ट, नेसफील्ड, रिस्ले, केतकर यांनी केलेल्या जातीच्या व्याख्या एकेक करून पुढे ठेवल्या. प्रत्येकीत काय बरोबर, काय अपुरे, ते सांगितले. मग आपले मत मांडले की जातीतल्या जातीत लग्न करण्याचे बंधन हाच जातीचा गाभा आहे. आणि शेवटी काय म्हटले? या प्रश्नात भावनेला जागा नाही, आणि माझा सिद्धांत कुणी पुराव्याने मोडून काढला तरी मला आनंदच होईल. विचार करा. ज्या जातीने या माणसाला गोणपाटावर बसवले, तिच्यावर बोलताना हा माणूस म्हणतो की माझे चुकत असेल तर दाखवा. राग होता, पण रागाला त्यांनी पुराव्याच्या जागी बसवले नाही.

तिथून ते लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली अर्ध्यावर परतावे लागले. वेगळ्या बोटीने पाठवलेल्या सामानात पुस्तके होती, ती बोट युद्धात बुडाली. बडोद्याला नोकरीत काय छळ झाला तो सर्वांना माहीत आहे. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, छत्रपती शाहू महाराजांची मदत घेतली, नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये उसने घेतले आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. घरी रमाईने काय दिवस काढले ते निराळे सांगायला नको.

१९२१ साली एम.एस्सी. झाली. ऑक्टोबर १९२२ मध्ये डी.एस्सी.साठी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध सादर केला. प्रश्न गरिबांच्या पोटाचा होता. सरकारची चलनपद्धती अशी की सरकारला वाटेल तेवढे रुपये काढता येतात, त्यामुळे रुपयाची किंमत घसरते, महागाई वाढते आणि मजुरी करून खाणारा मरतो, असे त्यांचे म्हणणे. केन्स या जगप्रसिद्ध अर्थशास्त्रज्ञाने ज्या पद्धतीची बाजू घेतली होती, तिच्याच विरुद्ध हे म्हणणे होते.

परीक्षकांनी प्रबंध परत केला, पुन्हा लिहून आणा म्हणाले. हातात पैसा नाही, मुंबईला घर वाट बघतंय, डोक्यावर कर्ज. दुसरा कुणी असता तर जात आडवी आली म्हणून कपाळावर हात मारून बसला असता, नाहीतर परीक्षकांना आवडेल तसे लिहून मोकळा झाला असता. बाबासाहेबांनी दोन्ही केले नाही. १९२३ च्या एप्रिलमध्ये ते मुंबईला आले, इथे बसून प्रबंधाची मांडणी पुन्हा केली आणि लंडनला पाठवला. निष्कर्ष मात्र बदलले नाहीत. वर्षअखेर प्रबंध मान्य झाला. यात शिकण्यासारखी बारीक गोष्ट आहे. कुणी चूक दाखवली म्हणजे आपले सगळेच चुकले असे नसते आणि काहीच चुकले नाही असेही नसते. सांगण्याची रीत सुधारण्यासारखी आहे की मूळ विचारच पोकळ आहे, हे आपले आपण निवडावे लागते. हे निवडता येणे म्हणजेच शिक्षण.

त्याच वर्षी हा प्रबंध ग्रंथ म्हणून छापून निघाला. प्रस्तावना त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी लिहिली. आणि कॅनन साहेबांनी तिच्यात उघड लिहिले की मला या लेखकाचे बरेचसे युक्तिवाद पटत नाहीत, पण काही ठिकाणी त्याने नेमके वर्मावर बोट ठेवले आहे आणि जिथे तो चुकला असे वाटले तिथेही त्याच्या विचारात ताजेपणा आहे. आपल्याला न पटलेले मत बाबासाहेबांनी आपल्याच पुस्तकाच्या पहिल्या पानांवर छापले. स्तुतीची प्रस्तावना मागणारे लेखक पुष्कळ असतात. असहमतीची प्रस्तावना मिरवणारा एखादाच.

ही झाली पुस्तकातली परीक्षा. यापुढची परीक्षा रस्त्यावरची होती, आणि तिथेही त्यांची रीत तीच राहिली.

२० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी आपल्या लोकांनी ओंजळीत घेतले. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रहासाठी हजारो लोक जमले, तेव्हा विरोधकांनी कोर्टाचा मनाई हुकूम आणला होता. लोक जेलात जायला तयार होते. बाबासाहेबांनी सगळ्या बाजूंनी विचार केला, लोकांना समजावले आणि सत्याग्रह तहकूब करून कोर्टात लढायचे ठरवले. ते तळे सार्वजनिक आहे आणि अस्पृश्यांना बंदी ही काही अनादि काळाची रूढी नाही, हे पुराव्याने सिद्ध करायचे होते. घोषणेला टाळ्या पडतात, पण कोर्टात कागद लागतो. दहा वर्षे लढून १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टात निकाल आपल्या बाजूने लागला.

नाशिकला २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बायाबापड्यांनी लाठ्या खाल्ल्या, दगड खाल्ले. वर्षे गेली तरी दार उघडले नाही. १९३४ साली दादासाहेब गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी आपला हेतू स्पष्ट केला. देवाची पूजा मिळावी म्हणून हा लढा नव्हता, आपल्या माणसांना स्वतःच्या स्थितीची जाणीव होऊन त्यांच्यात बळ यावे म्हणून होता. ते काम झाले आहे, आता ताकद शिक्षणात आणि राजकारणात लावावी. मित्रांनो, स्वतः सुरू केलेला लढा, ज्यात आपली माणसे रक्तबंबाळ झाली, तो थांबवा म्हणायला छाती लागते. उपाय चालतो आहे की नाही हे जो तपासत नाही तो त्याच दगडावर डोके आपटत राहतो आणि त्यालाच निष्ठा म्हणतो.

मग १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली. हिंदू म्हणून मरणार नाही हे ठरले, पण कुठे जायचे ते त्यांनी त्या दिवशी ठरवले नाही. दीक्षा घेतली १९५६ साली. मध्ये एकवीस वर्षे गेली. अनेक धर्मांच्या लोकांनी बोलावणी धाडली. लोक विचारीत, साहेब कधी? साहेब वाचत होते, लिहीत होते, पारखत होते. १९३६ च्या मे महिन्यात मुंबईला परिषद घेऊन त्यांनी हा प्रश्न लोकांपुढे फोड करून मांडला.

त्याच १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावले आणि भाषण वाचून घाबरून परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी भाषण स्वखर्चाने छापले. दोन महिन्यांत १५०० प्रती संपल्या. गांधीजींनी हरिजन पत्रात त्यावर टीका केली. दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी गांधीजींची टीकाही छापली आणि शेजारी आपले उत्तरही छापले. वाचणाऱ्याने दोन्ही वाचावे आणि स्वतः ठरवावे. ज्याला आपल्या म्हणण्याची खात्री आहे, तो समोरच्याचे तोंड झाकत नाही.

घटनेच्या वेळी तर सारा देश परीक्षक होता. २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली, बाबासाहेब अध्यक्ष झाले. फेब्रुवारी १९४८ मध्ये मसुदा तयार होऊन लोकांपुढे ठेवला गेला आणि सुमारे आठ महिने त्यावर मते येत राहिली. घटना समितीत ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यातील २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. एकेका कलमावर उठून उत्तर द्यायचे, पटले तर बदल घ्यायचा, नाही पटले तर का नाही ते सांगायचे. प्रकृती साथ देत नव्हती. २५ नोव्हेंबर १९४९ च्या शेवटच्या भाषणात त्यांनी उलट प्रश्न विचारून सतावणाऱ्या सदस्यांची नावे घेऊन आभार मानले. त्यांच्यामुळे घटनेमागचे तत्त्व उलगडून सांगण्याची संधी मिळाली, अशी त्यांची भावना होती.

आणि शेवटी धम्म. धम्मही त्यांनी डोळे मिटून घेतला नाही. १९५० साली सिलोनला गेले, १९५४ साली ब्रह्मदेशात गेले, बौद्ध देशांत धम्म कसा पाळला जातो ते प्रत्यक्ष बघितले. पाली शिकले, पालीचा शब्दकोश तयार करायला घेतला. बुद्ध आणि त्यांच्या धम्माविषयीचा ग्रंथ लिहायला घेतला, तेव्हा आधी मोजक्या प्रती खाजगीत छापून जाणकारांची मते मागवली, मग त्यात भर घातली, बदल केले. ग्रंथाच्या सुरुवातीलाच त्यांनी चार अवघड प्रश्न स्वतःहून उभे केले. त्यातला पहिला असा: सिद्धार्थाने म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहिले म्हणून घर सोडले असे परंपरा सांगते, पण एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर यातले काहीच पाहिले नव्हते हे पटण्यासारखे आहे काय? स्वतःच्या धम्माला हा प्रश्न विचारला आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात झालेल्या तंट्यात त्याचे उत्तर शोधले.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला भदंत चंद्रमणींकडून दीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. ५ डिसेंबरच्या रात्री दिल्लीच्या घरी, दुखण्याने शरीर खिळखिळे झालेले असताना, त्यांनी नानकचंद रत्तूंकडून याच ग्रंथाची प्रस्तावना आणि भूमिका मागून घेतली. शेवटचा हात फिरवायचा होता. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण झाले. ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला.

ही रीत त्यांना कुठे भेटली? केसपुत्त गावच्या कालामांना भगवंतांनी हीच वाट दाखवली होती. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका. स्वतः तपासा, हितकारक ठरले तर स्वीकारा. औरंगाबादच्या आपल्या कॉलेजला बाबासाहेबांनी मिलिंद हे नाव दिले ते उगाच नाही. मिलिंद हा भिक्खू नागसेनांना एकामागून एक प्रश्न विचारणारा राजा होता.

आता आपल्याकडे वळू. गिरणीत विणलेले कापड फोल्डिंग खात्यात जाते. तिथे ते उलगडून उजेडात बघतात, तुटलेला धागा, डाग, जाळी सापडली की खूण करतात. विणणारा कितीही हुशार असला तरी त्याचे कापड त्याच्याच शब्दावर पास होत नाही. आपल्या पोरांचे शिक्षण मात्र आपण गुणपत्रिका बघून पास करतो. पोरगा बारावी, पोरगी पदवीधर, फोटो फलकावर. पण रेशन कार्डाचा अर्ज नीट भरता येतो का, बातमी वाचून खरी-खोटी निवडता येते का, शिकलेला धडा आजीला समजेल असा सांगता येतो का, हे कोण बघतो?

आणि हे फक्त पोरांचे नाही, आम्हा कार्यकर्त्यांचेही आहे. रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनी एकट्यांनी स्थापन केली असे मंचावरून ठोकून दिले जाते, मोबाईलवरही फिरते. खरी हकीकत अशी की चलनाच्या प्रश्नावर आलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी १९२५ साली साक्ष दिली. आयोगाने १९२६ साली मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ रोजी बँक सुरू झाली. वयाच्या चौतिसाव्या वर्षी, अस्पृश्य म्हणून जन्मलेला माणूस ब्रिटिश आयोगापुढे चलनावर साक्ष देतो, हे काय कमी आहे? बाबासाहेबांना आपल्या अतिशयोक्तीची गरज नाही. उद्या आपले पोर कॉलेजात हे बोलले आणि कुणी पुस्तक उघडून खोडले, तर खाली मान पोराची जाईल, आणि त्याच्याबरोबर खऱ्या गोष्टींवरचाही लोकांचा विश्वास जाईल.

म्हणून वर्धापनदिनी एवढेच सुचवतो. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास ठेवावा. एका मुलाने किंवा मुलीने आठवड्यात काय शिकले ते पुस्तक मिटून आपल्या शब्दांत सांगावे. बाकीच्यांनी प्रश्न विचारावेत. उत्तर आले नाही तर लाजू नये, वहीत प्रश्न लिहून पुढच्या रविवारी उत्तर आणावे. मोठ्यांनीही भाषण करताना हे कुठे वाचले ते सांगावे. वस्तीत एखादा उपाय केला, मग ते पाण्याचे असो की दारूबंदीचे, तर सहा महिन्यांनी बसून काय साधले आणि काय नाही याचा हिशेब करावा. नसेल चालत तर दुसरी वाट धरावी.

बाबासाहेबांचा फोटो प्रत्येक घरात आहे. त्यांच्या हातात पुस्तक आहे. ते पुस्तक फोटोत बंद राहू नये, ते आपल्या घरात उघडावे, वाचावे आणि वाचलेले पारखून घ्यावे, हेच त्यांना खरे अभिवादन होईल.

भवतु सब्ब मंगलं! जय भीम! नमो बुद्धाय!